बत्तीसशे

उडत्या पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी कॅमेरा निवडणारा माणूस तुमच्या ओळखीत आहेच. नाही असं वाटत असेल, तर पुढच्या लग्नात अक्षता उडतील तेव्हा नवरानवरीकडे न बघता अक्षतांकडे बघत "आठशे... छे, हजार लागेल" असं कोण पुटपुटतंय ते शोधा. तोच तो. हलणारी कुठलीही वस्तू दिसली, की तिला फोटोत जागच्या जागी थिजवायला शटर किती लागेल, हे मोठ्यानं सांगितल्याशिवाय ह्याला चैन पडत नाही. झोपाळ्यावरची नात पाचशे. कुकरची शिट्टी हजार. कठड्यावरून फडफडत उडालेलं कबूतर पंचवीसशे. पाकोळी चार हजार, आणि तेही ऊन खणखणीत असेल तर. शंका आली की बत्तीसशे, म्हणजे एका सेकंदाचा बत्तीसशेवा भाग. सोयीसाठी आपण त्यांना बत्तीसशेकाका म्हणू. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी संपत आलेली, गृहकर्ज फिटलेलं, लेक परगावी. मिररलेस कॅमेरा कोणता घ्यावा आणि त्यावर लेन्स कोणती चढवावी, एवढा एकच प्रश्न आयुष्यात उरलेला. आणि तो आहे तसा उरावा अशी पक्की तजवीज त्यांनी केलेली आहे.

कारण माझं म्हणणं असं, की ह्या प्रश्नाचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे, आणि ते आपल्या हाती लागू नये म्हणून काका जिवाचं रान करतायत. पुरावा बघा. एतिएन-ज्यूल मारे ह्या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८८२ साली बंदुकीसारखा खांद्याला लावायचा कॅमेरा बनवला. त्यातून सेकंदाला १२ चित्रं निघत, आणि पक्षी उडतो कसा हे बघणं हाच त्यामागचा हेतू होता. ह्या छंदाच्या मूळपुरुषानं हाताशी होतं त्यात काम भागवलं, पुढचं मॉडेल येईपर्यंत तो थांबला नाही. आता आपल्या काळात या. २०१६ सालचा निकॉन डी५०० हा आरसेवाला कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढायचा आणि पक्षीवाल्यांनी त्यावर झकास कामं केली. २०१७ साली सोनीचा ए९ आला. सेकंदाला २०, आणि फोटो निघताना डोळ्यासमोरचं चित्र क्षणभरही काळं होत नाही. काका म्हणाले, पहिली आवृत्ती कधी घेऊ नये. २०२० साली कॅननचा आर५ पक्षी ओळखून त्याच्यावर फोकस धरू लागला. २०२१ साली सोनीचा ए१ आला आणि वर्षअखेरीस निकॉननं झेड९ मधून यांत्रिक शटरच काढून टाकलं. काका म्हणाले, हत्ती आहे हा, धाकटा भाऊ येऊ दे. २०२३ च्या मे महिन्यात धाकटा भाऊ झेड८ आला. काका म्हणाले, पहिली आवृत्ती कधी घेऊ नये. त्याच नोव्हेंबरात सोनीनं ए९ थ्री जाहीर केला: सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपणारा, सेकंदाला १२० फोटो, म्हणजे मारेच्या बरोब्बर दसपट. काका म्हणाले, चोवीसच मेगापिक्सेल? आज स्थिती अशी आहे, की काकांना टेबलावरचा स्वतःचा चष्मा सापडायच्या आत कॅमेऱ्याला बगळ्याचा डोळा सापडलेला असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: यंत्रायंत्रांत फरक असतो की नाही? असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतं. कॅननच्या आर७ सारख्या स्वस्त कॅमेऱ्याला ते वाचायला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो, झेड९ ला सुमारे दोनशेसत्तरावा. तेवढ्या वेळात छोट्या पक्ष्याचा पंख बराच फिरून गेलेला असतो, आणि सरळ पंख फोटोत केळ्यासारखा वाकून येतो. काकांच्या तोंडी हा मुद्दा एकदा आला की दोन चहा होतात. पण त्याच आर७ मध्ये यांत्रिक शटरही आहे, त्यावर सेकंदाला १५ फोटो निघतात आणि पंख सरळ राहतो, एवढं सांगितलं की काका विषय बदलून कंपनरोधाकडे जातात: ह्या लेन्सला साडेपाच स्टॉप, त्या लेन्सला पाचच. कंपनरोध तुमच्या हाताचा थरकाप जिरवतो, पक्ष्याचा नाही. शटर बत्तीसशेवर ठेवायचं म्हटल्यावर हाताच्या थरथरीची फारशी मातब्बरी उरत नाही. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर राहतं, हा खरा फायदा. कॅननची ४०० मिमी एफ/५.६ ही १९९३ सालची लेन्स. तिला कंपनरोध मुळातच नव्हता, वजन सव्वा किलो, आणि उडत्या पक्ष्यांसाठी पक्षीवाले तिची पुढं कितीतरी वर्षं शपथ घेत होते.

दुसरा आक्षेप लांबीचा, आणि इथं काकांचं सगळ्यात मोठं घोडं अडलेलं आहे. पक्षी लांब असतो म्हणून लेन्स लांब हवी: ६०० बरी, ८०० उत्तम, त्यावर टेलिकन्व्हर्टर म्हणजे दुधात साखर. बसलेल्या पक्ष्याबाबत हे खरं आहे. उडत्या पक्ष्याबाबत साधी त्रैराशिकं मांडून बघा. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद. ६०० मिमी लेन्समधून पन्नास मीटरवरचं जेमतेम तीन मीटर रुंदीचं आभाळ दिसतं. क्रॉप सेन्सरवर ८०० लावली तर दीड मीटर, म्हणजे खाटेएवढं. माळभिंगरी ताशी चाळीसेक किलोमीटरनं आडवी गेली, तर तीन मीटर ती पाव सेकंदाच्या आसपास पार करते. आणि डोळ्यांनी बघून बोट दाबायला माणसाला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. लेन्स लांबवत नेली की पक्षी मोठा होतो आणि आभाळ हरवतं. म्हणून हातात झूम हवी. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची १८०-६०० घेतली, तर आखूड टोकाला पन्नास मीटरवरचं नऊ-दहा मीटर आभाळ मिळतं. तिथं पक्षी धरायचा, फोकस बसला की कडं फिरवत सहाशेवर जायचं. ह्या दोन्ही लेन्स झूम करताना बाहेर सरकत नाहीत, त्यामुळे तोल डाव्या तळव्यावर होता तिथंच राहतो. नळीच्या बाजूला एक इवलासा खटका असतो. तो सहा किंवा दहा मीटरच्या पुढं असा लावून ठेवला, की समोर झुडपाची काडी आली तरी फोकस पार जवळ येऊन परत जाण्याचा फेरफटका मारत नाही. त्या खटक्यावर बोट ठेवायला दुकानदार सांगत नाही आणि काका विचारत नाहीत, कारण कॅमेरे-लेन्सची तुलना करायला त्यांनी केलेल्या तक्त्यात त्याला रकानाच नाही. रकाना भिंगाच्या उजेडाला आहे. एफ/४ ची सहाशे आणि एफ/६.३ ची सहाशे यांत दीड स्टॉपहूनही कमी फरक पडतो, किमतीत मात्र कित्येक लाखांचा. पण तो तक्ता उघडला की काका रात्री झोपत नाहीत.

शिवाय जे पैशानं येत नाही त्याचं काय? पक्षी बहुधा वाऱ्याला तोंड देऊन उडतो आणि तसाच उतरतो. वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरली, तर पक्षी समोरून, उजळलेल्या चेहऱ्यानं येतो. चुकीच्या बाजूला उभं राहिलं, तर सेकंदाला १२० च्या वेगानं शेपट्यांचे फोटो मिळतात. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर उन्हं वर चढली की तापलेल्या हवेची झुळझुळ सुरू होते, आणि तिच्यातून लांबवरचा पक्षी कुठल्याही भिंगाला रेखीव दिसत नाही. फांदीवरची घार उडण्याआधी पुष्कळदा किंचित पुढं झुकून शिटते. ही खूण ओळखणाऱ्याला बटण कधी दाबायचं ते कळतं. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी आता कॅमेरेच बटण दाबण्याच्या आधीचा अर्धा-एक सेकंद साठवून ठेवतात. वैताग असा, की हे सगळं काकांना ठाऊक आहे. घारीच्या बुडाकडे टक लावून, हातात चहाचा कप घेऊन ते गॅलरीत उभे असतात, घार शिटते, आणि काका विजयी मुद्रेनं म्हणतात, "सोळाशे!"

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्याच्यापुढं माझा आवाज जरा खाली येतो. झेड८ सारखी बॉडी आणि १८०-६०० सारखी लेन्स मिळून पाच लाखांच्या घरात जातात. ज्या घरात फ्रिज दोन दिवाळ्यांचा विचार करून घेतला गेला, तिथं छंदावर पाच लाख म्हणजे गंमत नाही. असा माणूस वस्तू एकदाच घेतो, आणि एकदाच घ्यायची म्हटल्यावर चुकायची सोय राहत नाही. काकू म्हणतात, एवढ्या पैशात अख्खा पक्षीच विकत आणा. त्यावर काका १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा हवाला देऊन तसा आणता येत नाही हे शांतपणे समजावतात. दर नव्या मॉडेलला नाकं मुरडणं ही हौशीला आवर घालायची त्यांची युक्ती असावी. आपल्याला हे परवडत नाही असं काका कधी म्हणाले नाहीत. चोवीसच मेगापिक्सेल, एवढंच म्हणाले.

आणि ज्यांनी असे कॅमेरे घेतले त्यांच्याकडे एकदा बघून घ्या, म्हणजे काकांची किंमत वाढते. हिवाळ्यातल्या रविवारी भिगवणच्या पाण्यावर होड्या निघतात, त्यांत झाडपाल्याच्या छपाईचे शर्ट घातलेली मंडळी, मांडीवर तोफा. मोठे रोहित उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी बुडवून चिखलातून खाणं गाळत उभे असतात. शांतपणे खाणारा पक्षी हा ह्या मंडळींच्या दृष्टीनं वाया गेलेला पक्षी. पंखांखालचा तो लाल-काळा रंग उडाल्याशिवाय दिसत नाही. आणि मग नावाड्याला खूण होते, होडी थव्यात घुसते. रोहिताला जागेवरून उडता येत नाही, पाण्यावरून धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. पोटात गेलेलं त्या धावण्यात खर्च होतं, थवा पलीकडे उतरतो, होडी वळते. सगळे नावाडी आणि सगळे फोटोवाले असं करत नाहीत, हे मान्य. पण जे करतात त्यांची यंत्रं काकांच्या तक्त्यातल्या पहिल्या तीन ओळींतली असतात. काकांनी आजवर एकही पक्षी उठवलेला नाही. रोहितांना कुणी विचारलं, तर महाराष्ट्रातला सर्वोत्तम पक्षीछायाचित्रकार म्हणून ते बिनविरोध काकांचं नाव सुचवतील.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करायला हवी. त्या आकड्यांच्या खुळानं काकांची नजर तयार झाली आहे. समोरच्या मोबाइल टॉवरवरून काहीतरी उडतं, आपल्याला ते "पक्षी" दिसतं. काका म्हणतात सोळाशे, म्हणजे घार, रुंद पंख, सावकाश. तेच पंचवीसशे म्हणाले तर पंखांची लय बदललेली असते, ससाणा असतो. माळावर कापशी घार एका जागी पंख मारत लटकते, तेव्हा काका दोन आकडे सांगतात: पंखांचा वेगळा, डोक्याचा वेगळा, कारण डोकं अजिबात हलत नसतं. ते हलत नाही, हे किती जणांनी बघितलंय? पुस्तकात पक्षी रंगांवरून ओळखतात, काका वेगावरून ओळखतात, आणि उडत्या पक्ष्याचा वेगच आधी दिसतो. तरीही थांबण्याला एक खर्च आहे. लेन्स हलक्या होतायत. निकॉनची ६०० मिमी एफ/६.३ दीड किलोच्याही आत आली आहे. पण लेन्स जितक्या लवकर हलक्या होतायत, त्याहून लवकर खांदे भरून येतात. दोन किलोचं नळकांडं डोक्यावरच्या घारीवर मिनिटभर रोखून धरणं चाळिशीत जमतं, साठीत फिजिओथेरपीवाल्याकडे जावं लागतं, आणि हा रकाना तक्त्यात भरायचा काका टाळतात. मोठ्या शहरांत ह्या लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळतात, एका सकाळचा सोक्षमोक्ष काही हजारांत लागतो. काकांनी चौकशी केलेली आहे. दोन दुकानांचे दर, डिपॉझिट आणि विमा यांचा तक्ता तयार होतोय. तूर्तास शनिवार घ्यावा की रविवार, एवढंच ठरायचं आहे.