पालथा तांब्या

शाळेत ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात मी दरवर्षी वसंत निवडायचो, कारण तो पाठ होता. मंद वारा, डोलत्या वेली, खळाळते झरे असं सगळं वहीत वाहत असायचं, आणि वहीवर माझ्याच कपाळाचा घाम टपटपायचा. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावात चैत्रात खळाळेल असं काही उरलेलंच नसायचं. ओढ्यात आम्ही क्रिकेट खेळायचो आणि हरवलेला चेंडू वाळूत शोधायचो. गुरुजी मात्र निबंधाखाली लाल शाईने ‘उत्तम’ लिहायचे. लिहिताना त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा. आम्ही दोघांनीही त्या झऱ्यांबद्दल एकमेकांना कधी काही विचारलं नाही.

आमच्याकडे वसंत येतच नाही असं नाही. तो येतो, पण एकादशीच्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्यासारखा. त्याला बघून सगळेच थोडे ओशाळतात. रब्बी निघालेली, रान भेगाळलेलं, विहिरीचा दोर दर आठवड्याला हातभर लांबवावा लागतोय, आणि नेमका अशा वेळी बांधावरचा पळस पेटतो. पळसाला पानं तीनच, असं आपण सहज म्हणून जातो. पण फुलताना त्याच्याजवळ म्हणीतली तीन पानंसुद्धा नसतात. असेल नसेल ते सगळं टाकून, कफल्लक होऊन तो फुलतो. माणसांची रीत वेगळी. आम्ही आधी बँकेतली शिल्लक बघतो आणि मग हसायचं की नाही ते ठरवतो. ती फुलं आम्ही पिशवी भरून आणायचो आणि धुळवडीसाठी पितळी पातेल्यात उकळायचो. त्या केशरी पाण्याचा वास मला अजून आठवतो. ओल्या मातीला कुणी हळद लावली तर येईल, तसा तो वास होता. वडिलांचा एक सदरा त्या रंगातून कधी बाहेर आलाच नाही. पुढे कितीतरी वर्षं ते शेतावर फाल्गुन अंगावर घालून जायचे.

नोकरीसाठी नांदेडला आलो तेव्हा वसंताचं आणखी एक रूप पाहिलं. कवींच्या वसंताला पायांत चाळ बांधून यायची सवय. नांदेडात तो घोड्यावर बसून येतो. गुरू गोविंदसिंगांनी होळीच्या सुमाराला शस्त्रविद्येचे खेळ मांडायची प्रथा सुरू केली, ती दूर पंजाबात, आनंदपुरात. त्यांचे अखेरचे दिवस गोदावरीकाठी नांदेडला गेले. १७०८ साली त्यांनी इथेच देह ठेवला. म्हणून होळीच्या दिवसांत सचखंड गुरुद्वाऱ्यातून मिरवणूक निघते, निशाणं निघतात, घोडे निघतात, आणि मग ‘हल्लाबोल’चा गजर होऊन उपसलेल्या तलवारींसह सगळे धावत सुटतात. पहिल्या वर्षी मी सज्जात चहाचा कप घेऊन उभा होतो. कोकिळेची वाट पाहणाऱ्या माणसाच्या अंगावर अचानक निळ्या-केशरी फेट्यांचा पूर आला. कप हलला, चहा सांडला. पण मनात आलं, हा ऋतू आमच्या हवेला शोभतो खरा. जिथे पालवीलासुद्धा उन्हाशी दोन हात करून बाहेर पडावं लागतं, तिथे वसंताने तलवार बाळगली तर त्यात नवल काय!

पण माझ्यापुरता वसंत खरा सुरू व्हायचा तो पाडव्याला, आणि तोही कडू. आज्जी लिंबाची कोवळी पानं, फुलं, गूळ, ओवा, हिंग, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून गोळी करायची. गुळाचं प्रमाण ती माझ्या वर्षभरातल्या वागणुकीवरून ठरवत असावी, इतकं ते कमी असायचं. गोळी गालात दाबून मी गोठ्याकडे पळायचो आणि शेळीपुढे थुंकायचो. शेळी ती आवडीने खायची. “गिळलास का न्हाई? आं कर बघू,” असं आज्जी म्हणेपर्यंत तोंड स्वच्छ झालेलं असायचं. पुढे वर्षभर मला खोकला, नायटा, गालफुगी सगळं होऊन जायचं. शेळी मात्र ठणठणीत.

त्याच दिवशी ओट्यावर सालगड्याचं साल ठरायचं. आमच्याकडे गड्याचं वर्ष पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच सुरू होतं. रोख किती, ज्वारी किती, उचल किती, धोतरजोडी एक की दोन, यावर सकाळभर घासाघीस चाले. बाजूला गुरव पंचांग वाचत असायचा. यंदा समुद्रावर किती पाऊस, डोंगरावर किती, जमिनीवर किती. समुद्राचा वाटा ऐकून आमचा गडी हळूच म्हणायचा, “त्येला कशाला आजून?” शालिवाहन शकाचं नवं वर्ष असं एका रास्त प्रश्नाने उघडायचं. व्यवहार जुळला की आज्जी त्याला आधी तांब्याभर पाणी द्यायची, मग पुरणपोळी. वर गुढीवर साखरेच्या गाठीशेजारी दुसरा तांब्या पालथा चमकत असायचा. तो पालथा का, असं मी एकदा विचारलं होतं. “भरलेला बांबूच्या टोकाला टिकंल का, येड्या?” एवढंच ती म्हणाली. तेव्हा ते मला वजनाचं उत्तर वाटलं होतं.

२०१६ साली आम्ही लातूरला राहत होतो. धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. चार माणसांनी एकत्र तहानू नये, असा जणू हुकूम. ८ एप्रिलला पाडवा आला. गल्लीत घागरींची रांग होती आणि घरांवर गुढ्यांची. खाली रिकाम्या घागरी तोंड वर करून बसलेल्या, वर रिकामे तांबे तोंड खाली करून. घागरी टँकरची वाट पाहत होत्या. तांब्यांना कशाचीच वाट पाहायची नव्हती, म्हणूनच की काय, ते इतके लखलखत होते. कोपऱ्यावरचा लिंब फुलांनी पांढरा झाला होता. त्याला कुणी टँकरची वेळ कळवली नव्हती. चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली. सुट्टीत जिच्यात बसून आम्ही पाण्याच्या गावाला जायचो, तीच गाडी पाणी घेऊन आमच्या गावाला आली.

पण मला पाडव्याची ती संध्याकाळ आठवते. आईने गुढी उतरवली, गाठी नातवाच्या गळ्यात घातली, तांब्या सुलटा करून निळ्या पिंपातून भरला आणि तशीच दारात गेली. टँकरवरचा पोरगा नळी गुंडाळत होता. दिवसभर गावाला पाणी वाटणाऱ्याला पाणी विचारायचं असतं, हे रांगेतल्या आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. त्याने तोंड वर करून घटाघटा तांब्या संपवला, उरलेले दोन थेंब झटकायला तो पालथा केला आणि तसाच आईच्या हाती दिला. दिवसभर गुढीवर होता, तसाच.