नाडीचा वळ

संध्याकाळी घरी आल्यावर एकदा कमरेकडे बघा. पट्ट्याखाली, नाडीखाली, परकराच्या गाठीखाली तांबूस वळ उठलेला असतो. मोज्याच्या इलॅस्टिकचा दुसरा, घोट्याच्या वर. घड्याळाच्या पट्ट्याचा तिसरा. बायकांच्या खांद्यांवर आणि पाठीवर आणखी. त्या वळावरून नखं फिरवताना जे सुख होतं, ते दिवसभरात दुसऱ्या कशानं झालेलं नसतं. अंग बारा तास काचत असतं आणि त्या काचण्याला आपण नीटनेटकं राहणं म्हणतो.

घरात पाऊल टाकलं की पुरुष बनियन-लुंगीवर येतो, बाई गाऊन चढवते. म्हणजे अंगाला काय हवंय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. माझं म्हणणं त्याच्या एक पायरी पुढचं आहे. आठवड्यातून एकदा तरी, दार लावून, अंगावर काही न ठेवता, काही न करता नुसतं बसावं. जगात याला नॅचरिझम म्हणतात.

‘ही पाश्चात्त्यांची थेरं’ असं ज्यांच्या ओठावर आलं असेल, त्यांच्यासाठी ठाण्याची गोष्ट. १८९१ साली चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हे ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश होते. त्यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ नावाचं मंडळ काढलं. सभासद तीन: ते स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. जमायच्या जागा माथेरान आणि तुळशी तलाव. आधुनिक नॅचरिझमचं आजवर ठाऊक असलेलं हे पहिलं मंडळ. जर्मनीत अशा मंडळांची लाट आली ती यानंतर. माणूस इंग्रज होता, पण उकाडा ठाण्याचा होता. कोकणपट्टीतला मे महिना ज्यानं बंद गळ्याच्या कपड्यांत काढलाय, त्याला ही कल्पना सुचायला लंडनला जावं लागत नाही. घाम अंगावर वाळला तरच अंग निवतं. कापडाखाली तो नुसता चिकचिकतो.

क्रॉफर्ड यांनी इंग्लंडमधले लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना पत्रं लिहिली, म्हणून हे सगळं आज कळतं. मंडळाचे नियम न्यायाधीशाला शोभतील असे कडक होते. अंगावर काहीही नको. चावट बोलणं, चावट चित्रं बंद. सवलत तीनच वस्तूंना: बोटातली अंगठी, चष्मा आणि कवळी. मला हा नियम फार आवडतो. दिसायला चष्मा लागतो, खायला कवळी लागते, आणि अंगठीत माणसं गुंतलेली असतात. घड्याळाला सवलत नाही. पदक, पदवी, पगडी यांनाही नाही. आठवडाभर निकाल देणारा माणूस तळ्याकाठी बसायचा तेव्हा त्याच्या अंगावर हुद्द्याची एकही खूण नसायची. यालाच मी विश्रांती म्हणतो.

कपडा काढला की खिसा जातो, हे कुणी लक्षात घेत नाही. खिसा गेला की मोबाइल, पाकीट, किल्ल्या आणि ओळखपत्र सगळं एकदम जातं. ज्याला खिसा नाही त्याला घाई कशी करता येईल? म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमध्ये असं उघडं बसण्यासाठी राखलेल्या हिरवळी आहेत. तिथे माणसं पंचा अंथरून उन्हात उघडी पडून राहतात. रीत साधी आहे: बसायला स्वतःचा पंचा, दुसऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, फोटो काढायचा नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ किऑन वेस्ट यांनी सुमारे ८५० ब्रिटिशांचा अभ्यास केला. जे अशा गोष्टींत भाग घेतात ते स्वतःच्या शरीरावर कमी नाराज आणि आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले.

आपण मात्र शरीरावर नाराजच असतो. कुंभमेळ्यात नागा साधूंच्या पाया पडायला रांगा लावतो आणि घरी न्हाणीघरात स्वतःच्या पोटाकडे बघायला लाजतो. साधूंची नग्नता वैराग्याची आहे, तिला नमस्कार. मी बोलतोय ती संसारी माणसाच्या आरामाची, आणि तिचा अधिकार देवानं जन्मतःच दिलेला आहे.

याचा अर्थ चौपाटीवर कपडे काढा, असा मुळीच नाही. सार्वजनिक जागी अश्लील कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि जिथे बाईला अंगभर कपड्यांतही सुखानं चालता येत नाही, तिथे उघड्या हिरवळीची स्वप्नं तिला काय कामाची? तिची अडचण घराच्या आतच सुरू होते. मे महिन्यात गॅससमोर पाठीला चिकटलेला नायलॉनचा गाऊन घालून ती पोळ्या लाटते. अख्ख्या घरात कडी लागते असं तिचं एकच दार, न्हाणीघराचं. तिथे दोन तांबे अंगावर घेतले न घेतले तोच बाहेरून थाप पडते: ‘झालं का?’ त्या एका ‘झालं का’नं आपण आपल्या बायकांचा, आयांचा आयुष्यभराचा निवांतपणा खाल्ला आहे.

क्रॉफर्ड यांची १८९२ मध्ये रत्नागिरीला बदली झाली आणि मंडळ संपलं. दोन वर्षांनी तेही गेले. तुळशी तलाव आज मुंबईला पाणी पुरवतो. माथेरानमध्ये आजही मोटारी जात नाहीत, पण सुट्टीत तिथेही माणसं घड्याळाकडे बघत पॉइंट उरकतात.

म्हणून एवढंच करा. येत्या रविवारी घरातल्या प्रत्येकाला खोलीचा अर्धा तास वाटून द्या, पहिला बाईला. मोबाइल बाहेर, पंखा चालू, खाली पंचा, आतून कडी. ती आत काय करते ते विचारू नका. आणि अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, तरी दार वाजवू नका.