सातबारा कोरा

आमच्या भाच्याने २०१८ साली एक नो-बॉल टाकला. म्हणजे तो नो-बॉल होता, असं समोरच्या मंडळाचं म्हणणं. भाच्याचं म्हणणं आजही वेगळं आहे. देवळामागच्या मैदानावर टेनिस बॉलचे सामने, फायनल, बक्षीस पाच हजार एक रुपये आणि ढाल. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मोडल्या, एक स्टंप नको त्या कामाला लागला आणि रात्री अकरा वाजता दोन्हीकडच्या पोरांवर १४३, १४७, ३२३, ५०४, ५०६ अशी कलमं पडली. भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तोच बॉल दीड वर्ष आधी टाकला असता तर बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ते कागद मुदतीनंतर नष्टच करावे लागले असते. पण फायनल एप्रिलमध्ये ठरली, त्याला तो काय करणार?

खटला पाच वर्षं चालला. तोवर फिर्यादी आणि आरोपी एकाच टीमकडून खेळू लागले होते, त्यामुळे फिर्यादीला साक्षीच्या वेळी काहीच आठवेना. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी संशयाचा फायदा देऊन सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. आम्ही मामा या नात्याने पेढे वाटले. तिथे जरा घाई झाली.

कारण यंदा पोराला एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या एका एजन्सीत नोकरी लागायची होती. त्यांनी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. ऑनलाइन अर्ज केला, ठाण्यात दोन फेऱ्या मारल्या, दाखला आला. नोकरीसाठी आलेल्या इतर पोरांच्या दाखल्यावर गुन्ह्यांच्या रकान्यात एकच सुंदर शब्द होता : निरंक. आमच्याकडे तिथे गु.र.नं., पाचही कलमं, वर्ष, आणि शेवटी बारीक अक्षरात ‘मा. न्यायालयाने निर्दोष मुक्त’. एजन्सीतल्या बाईंनी ओळ वाचली, पण अर्धीच. म्हणाल्या, ‘सर, आम्हाला निरंक पाहिजे.’

मग वकिलांकडे गेलो. आमचा समज असा की, कर्ज फिटलं की सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो, तसाच हाही उतरत असेल. बँकेचा दाखला आणायचा, तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार पडतो, जमीन मोकळी. वकील हसले. जमिनीचं ठीक आहे म्हणाले, माणसाचा फेरफार पडत नाही. सज्ञान माणसाचं पोलीस दप्तर पुसून द्यायचा सर्वसाधारण कायदाच आपल्याकडे नाही. गुन्हा रद्द करायला हायकोर्टात जाता येतं, पण ते खटला उभा असताना. तुमचा पोरगा सुटून बसला, आता रद्द काय करायचं?

शिवाय ‘संशयाचा फायदा’ हे प्रकरण नाजूक निघालं. पोलीस भरतीच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टाने ‘सन्मानाने निर्दोष’ आणि ‘फायदा देऊन निर्दोष’ यांत फरक केलेला आहे. आमच्या कोर्टात शाल-श्रीफळ द्यायचं राहून गेलं, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावला. त्याहून गंमत म्हणजे १९५८ चा परिवीक्षा कायदा. गुन्हा शाबीत झाला आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये, असं त्याचं कलम १२ सांगतं. म्हणजे ज्याने खुर्ची मोडली त्याच्यासाठी निदान एक कलम आहे. ज्याने मोडली नाही, त्याच्यासाठी काही लिहायचं कोणाला सुचलं नाही.

‘मग अर्जात लिहूच नको,’ असं शेजारच्या काकांनी सुचवलं. तेही जमत नाही. दडवलं तर ते दडवणंच नोकरी घालवायला पुरू शकतं. खरं सांगितलं तर मालकाने विचार करावा, असं २०१६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगतो, पण नोकरी द्यावीच असं नाही. एजन्सीने विचार केला.

कोरं व्हायचं भाग्य मात्र कलमांना लाभलं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि ३२३ चं ११५ झालं, ५०४ चं ३५२. साक्षात चारसोवीससुद्धा ३१८ असं नवं नाव घेऊन अब्रूदार झाले. नाव बदलायची ही युक्ती जुनी आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना १९५२ मध्ये ‘विमुक्त’ म्हणण्यात आलं, आणि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. सोलापुरात या जमातींना ठेवलेल्या तारेच्या कुंपणातल्या वस्तीला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. गावात चोरी झाली की पहिली जीप कोणाच्या पालाकडे वळते, ते पारध्यांना विचारा. त्यांच्यातल्या कित्येकांनी नो-बॉलसुद्धा टाकलेला नसतो.

आता कोणी म्हणेल, सरकार गुन्हे मागे घेतं की! घेतं. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे सरकारी निर्णय आपल्याकडे निघालेले आहेत. अट अशी की जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं. आमच्या दोन खुर्च्यांची किंमत नऊशे रुपये भरली. चार लाख नव्याण्णव हजार शंभर रुपयांची सवलत वाया गेली, कारण पोरांच्या हातात स्टंप होता, झेंडा नव्हता. पुढाऱ्यांची तर एवढी सोय होऊ लागली की, आमदार-खासदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नका, असं सुप्रीम कोर्टाला ऑगस्ट २०२१ मध्ये बजावावं लागलं.

तसं पाहिलं तर पुढाऱ्यांना कोरं व्हायची घाईही नसते. निवडणुकीच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांचा ऐसपैस तक्ता असतो, आणि दोन वर्षांची शिक्षा होत नाही तोवर तो तक्ता बहुतेकांच्या आड येत नाही. उमेदवाराने आपले गुन्हे वर्तमानपत्रात तीन वेळा छापावेत असा नियम आहे. ती जाहिरात ‘नावात बदल’ आणि ‘टायटल क्लिअर’च्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात येते. पक्षाने असा उमेदवार का निवडला याचं कारणही द्यायचं असतं, आणि ‘निवडून येतो’ हे कारण २०२० पासून चालत नाही. कायदे करायला चालणारा माणूस एटीएममध्ये नोटा भरायला मात्र चालला नसता. त्याच्याकडेही निरंक नाही.

भाच्याने जाहिरातींच्या त्याच पानावर सहा सेंटिमीटर जागा घ्यायचं ठरवलं आहे. मजकूर आम्ही लिहून दिला, तो असा :

जाहीर नोटीस. तमाम जनतेस कळविण्यात येते की, सदर इसमाचे चारित्र्य कोर्टाच्या निकालाने निर्वेध व बोजारहित झालेले असून त्यावर कोणाचाही गहाण, दान, दावा, लिन वा नो-बॉल यांचा हक्क असल्यास त्याने चौदा दिवसांचे आत लेखी पुराव्यासह कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास सातबारा कोरा आहे असे समजून पोराला कामावर घ्यावे.