सापाला खोकता येत नाही, मावशी!

आमच्या आणि शेजारच्या मावशींच्या परसात तुराट्यांचं कुंपण आहे. मधोमध माणसाचं तोंड मावेल एवढं भगदाड पडलंय. मावशी म्हणतात, ते शेळीनं पाडलं. आमच्या घरची मंडळी म्हणते, गप्पांनी पाडलं. पौषातली सकाळ होती. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याला थंडीची नुसती चाहूल असते, तेव्हा घाटावर आमच्याकडे शेकोटीशिवाय भागत नाही. त्यात पैनगंगेवरून येणारा वारा अंगात शिरत होता. मी शेकोटीपाशी चहाची बशी तोंडाला लावली आणि भगदाडात मावशी उगवल्या.

"भाऊ, आयकलं का? आमच्या पुण्याच्या भाच्याच्या सापाले सर्दी झाली म्हंते!"

अर्धा चहा शेकोटीत गेला. खरं म्हणजे भाच्याचा फोन मला आदल्या रात्रीच येऊन गेला होता. पण बातमी शिळी आहे असं म्हटलं की मावशी दोन दिवस भगदाडाशी येत नाहीत, म्हणून मी डोळे मोठे केले.

पशुसंवर्धन खात्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आमच्या देऊळघाट गावात गाईचं पोट फुगलं की लोक मला 'डाक्टर' म्हणून उठवतात. मी डॉक्टर कधीच नव्हतो. पण म्हशीचा डॉक्टर तो सापाचाही डॉक्टर, असा हिशेब करून भाच्यानं मला फोन लावला होता.

"कोणता साप मावशी?"

"बालपायटन."

"बॉल पायथन असेल."

"तेच ते. आफ्रिकेचा हाय. भेला की चेंडूवानी गोळा होते म्हंते. लहानपणी मी त्याले कात्रजचे साप दाखवायले नेलतं, तवापासून पोराले येड लागलं. माह्याच पायी झालं पाय हे."

कात्रजचं सर्पोद्यान 1986 साली नीलिमकुमार खैरे यांनी उभं केलं. त्याआधी 1980 मध्ये हा माणूस 72 विषारी सापांसोबत 72 तास एका काचेच्या खोलीत बसला होता. साप दिसला की काठी शोधणारी पुण्यातली पोरं त्यानंतर काचेला नाक लावून उभी राहू लागली. मावशींचा भाचा त्यातलाच. नोकरी लागली आणि पहिली मोठी खरेदी काय केली, तर साप.

"कागदं आहेत का त्याच्याकडे?" मी विचारलं. खात्यातली सवय जात नाही.

"सापाले काय सातबारा रायते का बापा?"

"राहतो, मावशी. आपल्याकडचा नाग, धामण, अजगर, मांडूळ यातलं काहीच घरात ठेवता येत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बाहेरदेशीचा असेल, तर 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंद लागते."

"केली हाय. आधार कार्डावानी कागद काढला म्हने त्याचा." मावशींच्या आवाजात थोडा अभिमानही होता. मग त्यांनी भगदाडातून मोबाईल माझ्या हातात दिला. "हे पाय."

व्हिडिओ मी रात्री चार वेळा पाहिला होता, पुन्हा पाहिला. साप काचेच्या कोपऱ्यात मान वर करून बसलेला, तोंड जरा उघडं. दर श्वासाला बारीक टकटक व्हायची आणि मध्येच शिट्टीसारखा आवाज यायचा. नाकाशी बुडबुडा, ओठाच्या कडेला चिकट लाळेची तार. दोन आठवडे त्यानं उंदराला तोंड लावलं नव्हतं.

"शिट्टी वाजवते, पन खोकत काहून नाई?" मावशींनी बरोबर जागी बोट ठेवलं. "आमचा बैल ढास लागली की गोठा हलवते. याले खोकलाच नाई, मंग सर्दी कायची?"

"सापाला खोकता येत नाही, मावशी. आपल्या छातीखाली पडदा असतो, त्याचा जोर लावून आपण कफ बाहेर फेकतो. सापाला तो पडदाच नाही. तो फासळ्यांच्या स्नायूंनी श्वास ओढतो. आपल्या नागाला, धामणीला कामाचं फुप्फुस एकच, उजवं. अजगराच्या जातीला दोन असतात, पण डावं लहान. लांबच लांब पिशवी. पुढच्या भागात श्वासाचं काम चालतं, मागे नुसती हवा भरलेली. घाण आत उतरली की वर येत नाही. त्यात सापाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट होतो."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "मंग अडकलं लेकरू!"

दहा मिनिटांपूर्वी 'साप' होता, आता 'लेकरू' झाला.

"नुसती शिट्टी ऐकू आली तर घाबरायचं नसतं," मी म्हणालो. "कात टाकायच्या दिवसांत नाकपुडीत जुनी कात अडकते, तेव्हाही शिट्टी वाजते. कात निघाली की आवाज जातो. पण तोंड उघडं टाकून श्वास, बुडबुडे, तार, मान वर आणि खाणं बंद, एवढं एकदम दिसलं की डॉक्टर गाठायचा. साप दुखणं लपवतो. आपल्याला दिसेपर्यंत ते आत जुनं झालेलं असतं."

"मी सांगतलं त्याले. ओवा तव्यावर भाज, फडक्यात बांध, छातीले शेक दे. निलगिरीचं तेल लाव. अन् हळद घालून दूध पाज चमच्यानं."

"सापाची छाती कुठून कुठवर ते आधी सांगा. आणि बाम, कापूर, निलगिरी, काहीच लावायचं नाही. कोंदट पेटीत तो वास त्याच्या फुप्फुसाला झोंबतो. दूध तर मुळीच नाही."

"नागपंचमीले तर पितात नाग!"

यावर मी बशी खाली ठेवली, कारण खात्यात असताना मी एका गारुड्याची टोपली उघडून पाहिली होती. आत नाग होता. दात काढलेले, तोंडाला फेस, अंगावर हळदकुंकवाची पुटं. फणा काढायचं बळही नव्हतं.

"पंचमीच्या आधी त्याला कितीतरी दिवस पाण्याचा थेंब देत नाहीत, मावशी. मग तहानेनं तो दूधसुद्धा पितो. सापाच्या तोंडात, खालच्या जबड्यातच श्वासाचं भोक असतं. आख्खा उंदीर गिळताना तो ते नळीसारखं पुढे काढतो, म्हणून गुदमरत नाही. पण आपण वाटीत त्याचं तोंड बुडवलं, वरून दूध ओतलं, की ते श्वासनळीत जातं. खोकता तर येत नाही. आपण हात जोडून घरी येतो आणि नाग टोपलीत न्यूमोनियानं मरतो."

मावशी गप्प झाल्या. त्यांच्या दारात दर श्रावणात टोपली उतरायची, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पंचमी उच्च न्यायालयानं थांबवली, तेव्हा देव रुसेल म्हणणाऱ्यांत त्याही होत्या.

"पुन्यातला डाक्टर काय म्हंते मंग?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी सगळं रीतसर केलं होतं. एक्स-रे काढला. श्वासनळीत थोडं सलाईन सोडून परत ओढलं आणि कोणते जंतू आहेत, त्यांना कोणतं औषध लागू पडतं, ते पाहायला प्रयोगशाळेत पाठवलं. सापाच्या फुप्फुसात बहुधा तेच जंतू माजतात, जे एरवी त्याच्या तोंडात आणि पाण्याच्या भांड्यात निवांत पडलेले असतात. कधी विषाणू असतो. अजगरांच्या एका विषाणूची ओळख तर 2014 मध्ये पटली. त्याच्यावर औषध नाही, म्हणून नवा साप घरात आणला की दोन-तीन महिने वेगळा ठेवायचा. या सापाला मात्र जंतूच निघाले. औषध वाफाऱ्याच्या यंत्रातून, आणि वजनावर मोजलेलं इंजेक्शन दर तिसऱ्या दिवशी, अंगाच्या पुढच्या भागात. रोज नाही, कारण सापाचं शरीर औषध हळू वापरतं. तीन-चार आठवडे तरी लागणार होते.

"मंग होईन बरा."

"तिथंच तर घोडं अडलंय. दहा दिवस झाले, उतार नाही. डॉक्टर विचारतात, पेटी गार पडते का? पोरगा शपथेवर सांगतो, नाही. या जातीला एका बाजूला 31-32 अंश ऊब लागते, दुसऱ्या बाजूला 25-26. साप स्वतः गरम होऊ शकत नाही. जागा गार असली की त्याची रोगाशी लढायची ताकद थंडावते आणि इंजेक्शनही वाया जातं. आजारी सरडा मुद्दाम जास्त उन्हात जाऊन बसतो, असं अमेरिकेत सरड्यांवर प्रयोग करून पाहिलंय. ताप अंगात येत नाही, तर तो उन्हातून आणतो. पोरगा म्हणतो, काचेखालची गादी आणि वरचा दिवा रात्रंदिवस चालू आहे. मग दुखणं हटत का नाही?"

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. असा आवाज खाली आला की गावातली निम्मी भांडणं उलगडतात, हा माझा अनुभव आहे.

"भाऊ, कोनाले सांगू नको. माही बहीन संक्रांतीच्या आधीपासून तिकडंच हाय. परवा मले फोनवर म्हंते, 'पोरगा झोपला की मी त्या सापाचे सगळे बटन बंद करतो. रातभर दिवा जळते, बिल केवढं येते! अन् कुठं आग लागली म्हंजे? पहाटे तो उठायच्या आधी चालू करून टाकतो.'"

मी कपाळाला हात लावला. एक्स-रे झाला, प्रयोगशाळा झाली, हजारो रुपये गेले आणि रोगाचं मूळ देऊळघाटात तुराट्यांच्या भगदाडात सापडलं. पुण्याच्या पहाटेला काचेची पेटी गार पडते, दुपारी तापते, रात्री पुन्हा गार. याहून वाईट सापाला काही नाही.

तिथल्या तिथं भाच्याला फोन लावला. मावशींचं नाव येऊ न देता सांगितलं, की पेटीला तापमान सांभाळणारं यंत्र लाव, रात्रीची नोंद ठेवणारा तापमापक आत टाक आणि बटणांवर चिकटपट्टी मार. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "आईच ना?" पोरगं हुशार आहे. मी म्हणालो, तिला रागावू नको. आगीची भीती खोटी नाही, चांगल्या यंत्रानं तीही जाते. मान खाली लोंबू देऊ नको, बरा होईपर्यंत उंदीर देऊ नको, पाणी रोज बदल आणि बरं दिसू लागलं म्हणून इंजेक्शन मध्येच सोडू नको.

फोन ठेवतो तोच मावशी किंचाळल्या. कुंपणाच्या बुडाशी, ऊन पडलं होतं तिथं, एक लांबलचक धामण पसरली होती. शेकोटीचा धूर, आमची बडबड, कशाचंच तिला काही नव्हतं. ऊन सरकलं तशी तीही वीतभर सरकली.

"हिले सर्दी होत नाई का?"

"होत असेल. पण हिचं बटण हिच्याजवळ आहे, मावशी. गार वाटलं की उन्हात येते, तापलं की बिळात जाते. पेटीतल्याचं बटण तुमच्या बहिणीच्या हातात."

मावशी बराच वेळ धामणीकडे बघत राहिल्या. काठी आणली नाही, दूधही आणलं नाही. "राहू दे मंग तिले तिथंच," म्हणाल्या आणि शेळी दुसरीकडे बांधली.

तीन आठवड्यांनी पुण्याहून बातमी आली: लाळ थांबली, शिट्टी गेली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिला उंदीर पोटात गेला. बहिणीनं मावशींना फोनवर सांगितलं, "माह्या सेवेनं बरा झाला."

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. परदेशी साप पाळलाच असेल, तर रात्री उठून एकदा तापमापक पाहा, कारण त्याचा खोकला तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही. परसात जखमी किंवा आजारी साप दिसला, तर त्याला हात लावू नका, दूध ओतू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आणि येत्या श्रावणात दारात टोपली आली, तर वाटी घरातच राहू द्या.