तोंडात टेकस

जालन्यात मोडकी वस्तू सहसा वाया जात नाही. ट्रक भरभरून भंगार इथल्या एमआयडीसीत येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतं. ज्या गावाचं पोट मोडक्या लोखंडावर भरतं, त्या गावात नानांसारखा माणूस निपजणं ओघानं आलंच. फरक एवढाच, की भट्टीत गेलेलं भंगार त्याच दिवशी बाहेर पडतं. नानांच्या ओसरीवर आलेली खुर्ची बाहेर पडताना जुन्या जालन्यात अजून कुणी पाहिलेली नाही.

नाना सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि निरोप समारंभाची शाल घडी करून ठेवायच्या आत त्यांनी पहिली खुर्ची उलटी केली. असा एक नाना तुमच्याही गल्लीत असणार. कुणाचा पंख्यावर जीव असतो, कुणाचा रेडिओवर. आमच्या नानांना खुर्ची लागते, आणि तीही सागवानी. प्लॅस्टिकच्या खुर्चीला ते 'भांडं' म्हणतात.

त्यांच्या ओसरीवरच्या प्रत्येक खुर्चीला कुळी आहे. एक म्हणे १ मे १९८१ला, औरंगाबादेतून जालना जिल्हा वेगळा झाला त्याच आठवड्यात नव्या कचेरीसाठी ट्रकमधून आलेली. दुसरी थेट निजामाच्या अमदानीतली, म्हणजे १९४८च्या आधीची. एका रविवारी नानांनी गल्लीसमक्ष ही निजामी खुर्ची उकलायला घेतली. वरचं तपकिरी रेक्झिन निघालं, त्याखाली हिरवं निघालं, त्याखाली फुलाफुलांचं पडद्याचं कापड, मग काथ्या आणि सगळ्यात तळाला मोंढ्यातल्या पोत्याचा बारदाना. काथ्यात एक बॉलपेनचं टोपण, एक किल्ली आणि महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट सापडलं. ही लॉटरी सुरू झाली १९६९ साली. आम्ही सगळे नानांच्या तोंडाकडे बघायला लागलो. नानांनी तिकीट शांतपणे डब्यात टाकलं आणि म्हणाले, "म्हणजे मधी एकदा गादी बदलेल हाय." इतिहासाचा प्रश्न तिथंच मिटला.

नानांचं खरं रूप बघायचं तर ते कव्हर ठोकत असताना बघावं. टेकस म्हणजे चपट्या डोक्याचे बारीक खिळे. कुशनवाले कारागीर ते मूठभर तोंडात धरतात आणि जिभेनं एकेक पुढं सरकवतात, म्हणजे एक हात कापड ताणायला मोकळा राहतो. नानांनी ही विद्या बाजारातल्या एका कुशनवाल्यासमोर स्टूल टाकून, बघून बघून उचलली. तो बिचारा आता नाना दिसले की जेवायला जातो. तोंडात टेकस असले की नानांना बोलता येत नाही, फक्त हुंकार देता येतो. घरातले सगळे मोठे निर्णय काकूंनी याच मुहूर्तावर घेतलेत. गॅसची शेगडी, धाकट्याचं स्थळ, माहेरची चार दिवसांची फेरी, सगळं एका "हं"वर मंजूर. पुढं नानांनी हरकत घेतलीच, तर काकू म्हणतात, "तवा तुम्ही हं म्हणलात की!" स्टेपल गन आणून देतो असं थोरल्यानं दोनदा सांगितलं. नकार नानांनी नाही, काकूंनी दिला.

ठोकण्याचं शास्त्र मात्र नानांना पक्कं ठाऊक आहे. आधी पुढच्या कडेच्या मधोमध एक खिळा, मग कापड ताणून बरोबर समोर, मागच्या कडेला एक. मग डावी, मग उजवी. त्यानंतर मधून कोपऱ्यांकडे सरकत जायचं आणि कोपरे अगदी शेवटी घ्यायचे. एकीकडून सरळ ठोकत गेलं की कापड तिरकं ओढलं जातं आणि सुरकुत्या पडतात. हे शास्त्र नाना सोयरिकीच्या बैठकीतही सांगतात: "आधी समोरासमोरचं धरा, कोपऱ्याचं नंतर बघू." सोयरिकी जमतातही. नानांच्या खुर्चीचे कोपरे काही जमत नाहीत. चुण्या घालता घालता कापड एका जागी गोळा होतं आणि चारही कोपऱ्यांना टेंगळं येतात. मांडीला टोचलं की नाना म्हणतात, "तितं बसायचंच नसतंय."

आता एवढ्या खुर्च्या जमतात कशा, याचं गणित मी एकदा वहीवर मांडून पाहिलं. दोष रेक्झिनच्या पन्ह्याचा आहे. पन्हा चोपन्न इंच. खुर्चीची बैठक साधारण अठरा इंच, दोन्हीकडून दुमडायला तीन-चार इंच धरले की पंचवीस-सव्वीस झाले. एका खुर्चीसाठी रेक्झिन घेतलं, की दुसरीपुरतं उरतंच. उरलेलं वाया घालवणं नानांच्या रक्तात नाही, म्हणून ते दुसरी खुर्ची शोधतात. तिला हात असतात, पाठ असते. त्यांना कापड कमी पडतं. म्हणून नवीन तुकडा येतो आणि त्यातून पुन्हा एका बैठकीपुरतं उरतं. सावकाराचं व्याज असंच वाढतं.

भरावाबद्दल नानांची मतं कडक आहेत. फोम म्हणजे पैसे देऊन हवा विकत घेणं, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे; फोममध्ये पदार्थ थोडा आणि हवाच फार असते. त्यांना हवा कापूस. भोकरदनकडं भावाचं कपाशीचं रान आहे, तिथून त्यांनी एकदा पोतं भरून कापूस आणला आणि तसाच खुर्चीत कोंबला. क्विंटलभर कापसात रुई तेहतीस-पस्तीस किलो, बाकी जवळपास सगळी सरकी. म्हणजे ती गादी दोन तृतीयांश सरकीचीच झाली. जावई तीवर बसले आणि उभ्या उभ्याच चहा पिऊन गेले. वर त्या सरकीवर उंदरांनी जो मुक्काम ठोकला, तो दिवाळीपर्यंत.

वेताच्या खुर्चीची गोष्ट वेगळी. मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात रेक्झिन पाठीला चिकटतं, वेताच्या भोकांतून मात्र वारं खेळतं. जुन्या कचेऱ्यांतून वेताच्या खुर्च्या होत्या त्या काही हौसेनं नव्हेत. पण वेत विणायच्या आधी पाण्यात भिजवावा लागतो; ओला असताना ओढून घ्यायचा, म्हणजे वाळला की ताठ बसतो. भिजवायचा म्हणजे पाणी आलं, आणि जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्या दिवसांत नानांनी पिंपातलं पाणी घमेल्यात काढून त्यात वेत ठेवला. "माणसाला आंघूळ नाही अन् खुर्चीला आंघूळ!" काकूंचा आवाज पार गांधी चमनपर्यंत गेला असेल. त्या दिवशी नानांच्या तोंडात टेकस नव्हते, तरी ते बोलले नाहीत. ती खुर्ची अजून अर्धी विणलेलीच आहे. तिच्यात आता मांजर व्यालंय.

आणि एवढ्या खुर्च्या असून नानांकडे पाहुणा बसतो चटईवर. एका खुर्चीचं सोल्युशन वाळायचं असतं, दुसरीचा पाय शिकंज्यात असतो, तिसरी पूर्ण झालेली असते पण 'खराब होईल' म्हणून तिच्यावर चादर असते. नाना स्वतःही खालीच बसतात, मांडीवर उलटी खुर्ची घेऊन. तरी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गर्दी असते. नवा सोफा घेतलेल्या घरांत ती दिसत नाही. कुणी खिळे वेचतं, कुणी काथ्या पिंजतं, कुणी नुसतं कपाशीच्या भावावर बोलतं. निवृत्त माणसाकडे लोक रोज येतात, ही मला नानांची सगळ्यात मोठी कारागिरी वाटते.

काम कसं करतात म्हणाल तर सांगाडा उत्तम, ताण बरा, कोपरे वाईट. तुमच्या माळ्यावर मोडकी सागवानी खुर्ची असेल आणि नाना घरी आले, तर गप्पा मारा, चहा पाजा, पण बोलता बोलता वर माळ्याकडे तेवढं बघू नका.