विलीन न झालेले संस्थान

१९४८ साली दक्षिणेतील लहानमोठी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यांत आमचे सांगली होते, शेजारचे मिरज होते, जत होते, आणि घटप्रभेच्या काठचे घोरपड्यांचे मुधोळही होते. राजेसाहेबांनी करारनाम्यांवर सह्या केल्या, खजिने आणि दप्तरे मोजून घेतली गेली, तनखे मुक्रर झाले. परंतु या साऱ्या धांदलीत मुधोळच्या शिकारी कुत्र्यांची संमती घ्यावी असे कोणाही मुत्सद्द्याला सुचले नाही, आणि त्या प्रशासकीय अनवधानाची फळे आम्ही उभयता पतिपत्नी सांप्रत भोगीत आहोत. आमच्या घराच्या पडवीत, सौभाग्यवतींच्या जुन्या पैठणीसदृश लुगड्याच्या गोधडीवर, एक संस्थान अद्यापि अबाधित आहे. त्याचे अधिपती सर्जेराव.

सर्जेराव जत तालुक्यातील एका परिचिताच्या वस्तीवरून आमच्याकडे आले. तिकडे या जातीला कारवान म्हणतात, कागदोपत्री मुधोळ हाउंड. लांब निमुळते मुख, खोल छाती, पाठीला टेकलेले पोट, आणि समोरच्या मनुष्याच्या खांद्यावरून क्षितिजाकडे पाहणारी दृष्टी, असे त्यांचे रूप आहे. याच जातीची जोडी मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी पंचम जॉर्ज बादशहांना नजर केली होती असे सांगतात. २००५ साली टपाल खात्याने तिची छबी तिकिटावर छापली. आणि मेरठच्या लष्करी केंद्रात तिच्या पिल्लांना रीतसर शिक्षणही दिले गेले. यांपैकी कोणतीही गोष्ट सर्जेरावांच्या कानावर आम्ही घातलेली नाही. तरीही ज्या रीतीने ते पडवीतून ओटीवर येतात, ती पाहता निदान बादशहांचे प्रकरण त्यांना ठाऊक असावे.

या जातीच्या कुत्र्याच्या बरगड्या निरोगी अवस्थेतही दिसतात. किंबहुना त्या अजिबात दिसेनाशा झाल्या तरच पशुवैद्य चिंतेत पडतो. हे शास्त्र आमच्या आळीला अवगत नसल्यामुळे, निवृत्तिवेतनावर जगणारा एक माजी अव्वल कारकून मुक्या जनावराची उपासमार करतो, असा प्रवाद माझ्या नावे रूढ झाला आहे, आणि येणारेजाणारे सहृदय लोक फाटकातून शिळ्या चपातीचे तुकडे आत टाकतात. सर्जेराव ते तुकडे हुंगतात, दात्याकडे एकवार पाहतात, आणि पाठ फिरवून सावकाश आत जातात. त्या वेळी त्या बरगड्या दात्याच्या अधिकच नजरेत भरतात, आणि दुसऱ्या दिवशी तुकड्यांऐवजी अखंड चपाती येते.

वास्तविक मनुष्याच्या जिभेवर सुमारे ९,००० रुचिकलिका असतात आणि कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७००. या हिशेबाने घरातील अन्नाला नावे ठेवण्याचा अधिकार त्यांच्यापेक्षा पाचपट माझ्याकडे यावयास हवा होता. परंतु पानात पडेल ते मुकाट्याने ग्रहण करण्याचे व्रत मी विवाहानंतर घेतले, आणि सर्जेरावांचा विवाह झालेला नाही. शिवाय त्यांच्या बाबतीत प्रकरण जिभेपर्यंत पोचतच नाही. नाकाच्या कचेरीतच ते निकालात निघते. मुधोळकडच्या खेड्यांत या कुत्र्यांना ज्वारीची अगर मक्याची भाकरी दुधात कुस्करून घालतात, म्हणून आम्हीही तोच शिरस्ता ठेवला. सर्जेरावांना तो तत्त्वतः मान्य आहे. कलमे मात्र त्यांची आहेत. भाकरी सकाळची चालते, रात्रीची चालत नाही. दूध कोमट हवे, आणि त्यावर साय तरंगताना दिसता कामा नये. वाडगे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, परंतु उंबऱ्यास लागून असावे. यांतील एकाही कलमाचा भंग झाला, तर ते भुंकत नाहीत, गुरगुरत नाहीत, केवळ वाडग्यापासून हातभर अंतरावर बसून सौभाग्यवतींकडे पाहत राहतात. आणि तीस वर्षे माझ्या एकाही पाककृतीविषयक सूचनेची दखल न घेतलेली ती साध्वी उठून दूध पुन्हा चुलीवर ठेवते.

संत नामदेवांची कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा कीर्तनात आली की श्रोत्यांचे डोळे पाणावतात. माझे लक्ष हल्ली भलतीकडेच जाते. तूप आले आहे की नाही याची चौकशी न करता त्या कुत्र्याने भाकरी उचललीच कशी?

आणि दैवगती अशी, की तासगावच्या बेदाण्यावर पोसलेल्या या मुलखात, सर्जेरावांना निरपवाद आवडणारा पदार्थ एकच निघाला, तो बेदाणा. आणि द्राक्षे वा बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस अपाय करतात म्हणून पशुवैद्याने त्यावर कडक बंदी घातली. तेव्हापासून आमच्या घरात बेदाण्यास थारा नाही. गेल्या श्रावणात सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा बेदाण्यावाचून पाहून गुरुजींनी पृच्छा केली, त्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "घरात पथ्य आहे." गुरुजींनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती मी निमूटपणे स्वीकारली.

शिक्षणाचा विषय निघाला तो एका माळावर. कुपवाडच्या बाजूस फिरावयास गेलो असता ससा उठला, सर्जेरावांनी तो पाहिला, आणि माझ्या हातात केवळ पट्टा राहिला. मी "ये" म्हणालो. नंतर "इकडे ये" म्हणालो. त्यानंतर मी जे म्हणालो ते सभ्य लेखनात बसणारे नाही, आणि त्या सर्व काळात सर्जेराव क्षितिजावर एक करडी रेघ होऊन राहिले होते. त्याच सायंकाळी मी एका निवृत्त सुभेदारांकडे गेलो. लष्करात त्यांनी अनेक कुत्री हाताखालून घातली होती, आणि बहुधा त्यांच्याबरोबर काही अधिकारीही.

सुभेदारांनी सर्जेरावांना सर्व बाजूंनी न्याहाळले; सर्जेरावांनीही अंगाला हात लागू न देता त्यांना न्याहाळले. "अण्णा," सुभेदार म्हणाले, "मेंढरं राखणारं कुत्रं धन्याच्या हाताकडं बघून चालतं. हे डोळ्यानं शिकार धरणारं. ससा उठल्यावर हे विचारायला मागं वळलं, तर ससा राहतो का?" हा युक्तिवाद बिनतोड होता. कॅनडातील स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली एका ग्रंथात कुत्र्यांच्या जाती आज्ञापालनाच्या गुणानुक्रमे लावल्या. त्यांत मेंढपाळांचा बॉर्डर कॉली अग्रस्थानी आहे आणि अगदी तळाशी अफगाण हाउंड, म्हणजे दृष्टीने शिकार करणारा सर्जेरावांचाच दूरचा भाऊबंद. मला या यादीत अन्याय दिसतो. ज्या प्राण्याचे काम धन्याचा आवाज पोचत नाही अशा अंतरावर, क्षणार्धात, स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेण्याचे, त्याची परीक्षा "बैस" या शब्दावर घेणे म्हणजे मामलेदाराची परीक्षा पाटावर बसण्याच्या कौशल्यावरून घेण्यासारखे आहे.

तरी शिक्षण सुरू झाले. "हुकूम एकदाच द्यायचा, अण्णा. सातदा दिला की कुत्रं समजतं, पहिले सहा नुसतेच असतात." महसूल खात्यात हयात गेल्यामुळे हे तत्त्व मला तात्काळ पटले; आमच्याकडेही पहिल्या स्मरणपत्रावर कोणी हालचाल करीत नसे. पाठ पाचसात मिनिटांचाच घ्यावा. मोबदला त्याच क्षणी द्यावा, कारण थोडा उशीर झाला तरी कुत्रे तो मधल्या भलत्याच कृत्याच्या खाती जमा करते. आणि आल्यावर रागावू नये, पळाला कितीही वेळ असो. हे शेवटचे कलम मला फार जड गेले. चिखलाने माखून, अर्ध्या तासाने, कोणाच्या तरी उसाच्या फडातून बाहेर पडलेल्या प्राण्याचे सुहास्य वदनाने स्वागत करणे हे स्थितप्रज्ञाचे लक्षण आहे, पेन्शनराचे नव्हे.

मोबदल्याचा प्रश्न मात्र बिकट निघाला. सुभेदारांची बिस्किटे सर्जेरावांनी तोंडात घेतली आणि, पाहुण्याचा मान राखून, त्यांच्याच बुटावर ठेवली. खोबरे नामंजूर झाले, चीज एकदाच मंजूर झाले. अखेरीस उकडलेल्या अंड्यावर तडजोड झाली, आणि ज्या घराण्यात लसणीलाही चातुर्मासात उंबरा ओलांडण्याची मुभा नव्हती त्या घराण्यात अंड्याचा प्रवेश सर्जेरावांच्या मुखत्यारीने झाला. त्यासाठी मागल्या दारी स्वतंत्र शेगडी, स्वतंत्र पातेले आणि स्वतंत्र चिमटा अशी व्यवस्था आहे. उकडण्याचे काम माझ्याकडे आहे. पिवळ्या बलकाचा हक्क सर्जेरावांकडे आहे.

प्रगतीचा तपशील असा: "थांब" हा हुकूम सर्जेराव निरपवादपणे पाळतात, विशेषतः ते निजलेले असताना. "बैस" म्हटल्यावर ते प्रथम जमीन पाहतात. अंगावर चरबी नाही, केस तोकडे, तेव्हा फरशीचा गारठा त्यांना थेट हाडाला लागतो. जमीन पसंत न पडल्यास ते अर्धे बसतात, म्हणजे आसन आणि फरशी यांत चार बोटे अंतर ठेवून, आणि हुकमाची तामिली झाली असे मानून अंड्याची वाट पाहतात. "ये" या हुकमाचा विचार ते करतात, हे मी खात्रीने सांगू शकतो. कान हलतो, मान वळते, माझ्या हातात काय आहे ते दुरून पारखले जाते, मग प्रकरण पुढील विचारार्थ राखून ठेवले जाते. यावर सुभेदारांचा तोडगा असा, की मागे धावू नये, पाठ फिरवून घरची वाट धरावी. तो मात्र अचूक ठरला. मी चालू लागलो की थोड्याच वेळात सर्जेराव माझ्या पुढे चालू लागतात.

महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांमागे कुत्रा लागला तो असाच आपखुशीने, हे मी आता समजून आहे; धर्मराजाने त्याच्यासाठी स्वर्ग नाकारला तो बहुधा हे ओळखून, की आता खाली ठेवले तर हा पुन्हा बोलावून येणार नाही. त्याच महाभारताच्या प्रारंभी जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी एका निरपराध कुत्र्याला बडवले, तेव्हा त्याची माता सरमा हिने भर यज्ञात येऊन राजालाच जाब विचारला आणि अदृष्ट भयाचा शाप दिला. छडीचा विषय एकदा, अगदी तात्त्विक पातळीवर, मी घरात काढला होता. सौभाग्यवतींनी पोथी काढून तो प्रसंग मला वाचून दाखवला, आणि पुस्तक मिटताना माझ्याकडे ज्या मुद्रेने पाहिले, तीत सरमेचा अंश होता.

पावसाळा हे या राज्याचे परराष्ट्र खाते आहे. सर्जेराव पावसात पाऊल टाकीत नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून ते आकाशाचे अवलोकन करतात, एक पाय बाहेर काढतात, ओला झाल्याची खातरजमा करून तो परत घेतात, आणि निसर्गधर्म संध्याकाळपर्यंत तहकूब ठेवण्याची तयारी दर्शवतात. मग आतून आवाज येतो, "अहो, छत्री धरा की त्याच्यावर, किती वेळ ताटकळत ठेवणार त्याला?" कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलाखालचे पाणी पाहावयास सारे गाव लोटले, तेव्हा मी आमच्या आळीच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबापाशी भिजत उभा होतो, आणि माझ्या हातातील काळ्या छत्रीखाली, पूर्णतः कोरडे, सर्जेराव खांबाच्या योग्यतेचा विचार करीत होते. पूर पाहून परतणाऱ्या मंडळींपैकी एकाने मला विचारले, "पाणी किती फुटांवर?" मी उत्तर दिले नाही. एकाग्रता भंगली असती.

अलीकडे सुभेदारांनी नवीन कल्पना काढली आहे. जतकडे एक उत्तम कुळाची कुत्री आहे, तिला आणावी, संगतीने सर्जेराव निवळतील, असे त्यांचे म्हणणे आहे. सौभाग्यवतींनी दुसऱ्या गोधडीस प्रारंभही केला. माझी हरकत नोंदली गेली आणि दप्तरी दाखल झाली. कुत्री परवा दाखवावयास आणली होती. तिने वाडग्यातील भाकरी हुंगली, दूध हुंगले, हातभर अंतरावर जाऊन बसली, आणि सौभाग्यवतींकडे पाहू लागली. सर्जेराव गोधडीवरून उठले, तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि तेही पाहू लागले. मी मागल्या दारी जाऊन शेगडी पेटवली.