शेजारच्या टेबलावरचा जामीनदार

‘ऑफिसात कोणी कोणाचं नसतं,’ असं डबा खाता खाता सहज बोललं जातं. मला ते साफ चुकीचं वाटतं. सहकारी मित्र नसतो, हे कबूल. पण म्हणून तो कोणीच नसतो, हे कोणी ठरवलं?

पगारदारांच्या पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज बघा. मुलीचं लग्न असो की घराचं डिपॉझिट, जामीनदार लागतात आणि ते त्याच संस्थेचे सभासद असावे लागतात. लहानपणीचा जिवलग तिथे चालत नाही, शेजारच्या टेबलावरचा चालतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 प्रमाणे सभासदाने लिहून दिलं की हप्ता थेट पगारातून कापला जातो. कर्ज थकलं तर संस्था जामीनदाराकडे वळते. हे पक्कं ठाऊक असूनही लोक सही करतात, तीही ज्याच्या घराची पायरी कधी चढलेली नाही अशा माणसासाठी! कारण तो वेळेवर येतो, हिशेब चोख ठेवतो, शब्दाला जागतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. आपला मित्र कामावर कसा वागतो, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय?

मित्राच्या चुका आपण पोटात घालतो, घालाव्यातही. पण वॉर्डात ड्युटी बदलताना एखादी सिस्टर इंजेक्शनची नोंद करायला विसरली, तर दुसरीने तिला तोंडावर सांगायलाच हवं. तिथे सांभाळून घेणं पेशंटच्या जिवावर बेतेल. असं स्पष्ट बोलूनही दुसऱ्या दिवशी दोघी एकाच डब्यात जेवतात, याचं मला फार मोल वाटतं.

हे नातं नासवतात ते ‘आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब’ असं भाषण ठोकणारे. कुटुंबाच्या नावाखाली रविवारी हक्काने बोलावतात आणि वर्षअखेरीला बेल कर्व्ह काढून ठरलेल्या टक्के लोकांना तळाला ढकलतात. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर 2013 मध्ये बंद केली. शेजारचा मागे पडला तरच माझा नंबर वर जाणार असेल, तर मी त्याला काम कशाला शिकवीन? त्याची अडलेली फाईल कशाला सोडवीन? आपल्याकडे ज्या कंपन्या हा बेल कर्व्ह अजून चालवतात, त्यांच्या एचआरने आधी तो बंद करावा, टीम आउटिंगच्या बस मागाहून बुक कराव्यात.